अबू हमूरच्या अंगणातली होडी

मी दोह्याला निघाले त्या सकाळी पप्पा बोटीखाली होते. पाचूबंदरच्या किनाऱ्यावर लाकडी टेकूंवर उभी केलेली मासेमारीची मोठी बोट, आणि तिच्या पोटाखाली पाठीवर झोपून फळ्यांच्या सांध्यांत तेलात भिजवलेला कापूस ठोकणारे पप्पा. वर रस्त्यावर रिक्षा थांबली होती आणि आई बॅगा धरून आत बसली होती. मी वाळूत उतरले, वाकून म्हटलं, "पप्पा, निघते."

त्यांनी ठोकणं थांबवलं नाही. "पासपोर्ट घेतलास?"

"घेतला. बेसांव द्या."

आमच्याकडे, वसईच्या ख्रिस्ती कोळ्यांत, घरातून निघताना वडीलधाऱ्यांकडून आशीर्वाद घेतात, त्याला बेसांव म्हणतात. पप्पा म्हणाले, "हात तेलकट हायत. आईकडून घे. भरती चढायच्या आत मला ही बाजू संपवायचीय."

मला त्यांचे फक्त पाय दिसत होते. ते पाय बघून मी निघाले.

याला एकोणीस वर्षं झाली. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे निघून आले त्यांना हा हिशोब समजावून सांगायला नको. पहिली दोन वर्षं दिवस मोजून जातात, नंतरची वर्षं मोजायची राहून जातात. मी इथे एका हॉस्पिटलच्या सर्जिकल वॉर्डात नर्स आहे. नवरा अंतोन वेस्ट बेमधल्या एका कंपनीत इंजिनियर आहे. मदिनत खलीफात आमचा फ्लॅट आहे. मुलगी रिया तेरा वर्षांची आहे, मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत देते. वॉर्डात मी दिवसातून पन्नास वेळा "खलास", म्हणजे अरबीत झालं, पुरे, म्हणते आणि घरी गेल्यावरही तेच तोंडातून निघतं. गावी गेले की शेजारणी हसतात.

पप्पा बोटी बांधायचे. आराखडा नाही, कागद नाही. आधी पठाण टाकायचं, म्हणजे बोटीचा तळाचा कणा. मग त्यावर बाभळीच्या मुळातच वाकड्या वाढलेल्या फांद्यांच्या फासळ्या उभ्या करायच्या, मग सागाच्या फळ्या. फासळी कुठे किती वाकडी हवी हे ते लांब उभं राहून, एक डोळा मिटून ठरवायचे. मी नऊ वर्षांची असताना एकदा त्यांच्या अर्ध्या बोटीवर चढले आणि बोटीच्या मालकासमोर म्हटलं, "पप्पा, ही बाजू जाडी दिसते." त्यांनी मला काखेत हात घालून उचललं आणि वाळूत ठेवलं. "पोरींचं काम नाय हे." त्यानंतर मी कधी त्यांच्या बोटीवर चढले नाही. पण बघत मात्र राहिले. घरासमोरच सगळं चालायचं, न बघून जाणार कुठे.

मर्ल माझ्या वॉर्डात आली ती चार वर्षांपूर्वी. उंच, सावकाश चालणारी, पेशंटला "डार्लिंग" म्हणणारी नर्स. कॅरिबियन समुद्रातल्या कॅरियाकू नावाच्या बेटावरची. असं बेट असतं हे मला तिच्यामुळे कळलं. एकदा कँटीनमध्ये तिच्या मोबाइलवर एक फोटो दिसला. किनाऱ्यावर एक नवी कोरी लाकडी होडी कुशीवर कलंडलेली, आणि भोवती शेकडो माणसं नाचतायत.

"पडली की काय?" मी विचारलं.

"पडली नाही, तिला समुद्रात नेतायत," ती म्हणाली. "आमच्याकडे असंच नेतात. टेकू एकेक करून कुऱ्हाडीने तोडायचे, म्हणजे ती हळूच कुशीवर झोपते. मग ओंडक्यांवरून ओढत पाण्यात."

मी फोटो मोठा करून फासळ्या बघितल्या. मग म्हटलं, "हे वाकडं लाकूड झाडालाच तसं वाढलेलं आहे ना?"

मर्ल माझ्याकडे बघत राहिली. "तुला कसं माहीत?"

त्या दिवशी दुपारचं जेवण आम्ही जेवलोच नाही. तिचा नवरा कर्टिस इथल्या एका शाळेत लाकूडकाम शिकवायचा. त्याच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या होड्या बांधल्या गेल्या. कधीकाळी स्कॉटलंडहून आलेल्या सुतारांनी हे काम त्या बेटावर आणलं, आणि पुढे तिथल्याच माणसांनी ते आपलं करून टाकलं. डोंगरातल्या सीडरच्या झाडांच्या वाकड्या फांद्या, हाताने तासलेल्या फळ्या, एकच डोलकाठी आणि मोठं शीड. कागद त्यांच्याकडेही नाही. या होड्यांतून मासेमारी व्हायची, या बेटावरून त्या बेटावर सिमेंट, केळी, शेळ्या, टपाल जायचं. लग्नाचं वऱ्हाड जायचं. शवपेटीही जायची. चोरून दारूसुद्धा जायची, हे सांगताना कर्टिस हसायचा. आणि माणसं कामाला बाहेर जायची तीही याच होड्यांतून. कर्टिसची आजी आयरीन तरुणपणी अशाच होडीतून त्रिनिदादला मोलकरणीच्या कामाला गेली आणि अकरा वर्षांनी तशाच होडीतून परत आली.

अबू हमूरला कर्टिस आणि मर्ल राहायचे त्या व्हिलाच्या मागे मोठं अंगण होतं. तिथे त्याने सोळा फुटांची होडी बांधायला घेतली होती. दोह्याजवळ वक्र्याच्या जुन्या बंदरात लाकडी बोटी दुरुस्त करणारे केरळी सुतार होते, त्यांच्याकडून त्याला बाभळीचे वाकडे तुकडे मिळाले. बांधायला घेऊन दोन वर्षं झाली होती आणि होडी अर्ध्यावर अडली होती. तो आजोबांच्या हाताखाली लहानपणी काम केलेला, पण आजोबा गेले तेव्हा तो पंधराचा होता. शेवटचा भाग शिकायचा राहिला, असं तो म्हणायचा.

गेल्या वर्षी आई गेली. मी जाऊन आले, सगळं उरकलं, आणि पप्पांना घरात एकटं सोडून परतले. ऑक्टोबरमध्ये त्यांना तीन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर आणलं. तोवर पाचूबंदरला फायबरच्या बोटी आल्या होत्या, त्यांना दुरुस्ती तेवढी मिळायची, तीही कधीतरी. दोह्यात आल्यावर ते आमच्या हॉलमध्ये खिडकीशी खुर्ची टाकून बसले. कॉर्निशला, किनाऱ्याच्या रस्त्यावर नेलं, समुद्र दाखवला. म्हणाले, "पाणी बांधून ठेवलंय." मॉलमध्ये नेलं, तर बाकावर बसून राहिले. रिया त्यांच्याशी इंग्रजीत बोलायची आणि ते मान हलवायचे. आमच्या दोघांत बोलायला जेवण आणि औषधं यापलीकडे काही नव्हतं. कधीच नव्हतं, आधी मध्ये आई असायची एवढंच.

एका शुक्रवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर मी त्यांना तशीच कर्टिसकडे घेऊन गेले. अबू हमूरचं चर्च तिथून पाच मिनिटांवर. अंगणात पाऊल टाकल्यावर पप्पा थांबले. मग चपला काढून होडीभोवती हळूहळू एक फेरी मारली. फळ्यांवरून हात फिरवला. कर्टिस हात बांधून उभा होता, परीक्षेला बसल्यासारखा.

"कुणी बांधली?" पप्पांनी मला विचारलं.

"याने."

"याचा बाप काय करतो?"

मी विचारून सांगितलं, "बाप ड्रायव्हर होता. आजोबा बोटी बांधायचे."

"तरीच," पप्पा म्हणाले. "नाळ बरोबर हाय. मागे बिघडलंय."

नाळ म्हणजे बोटीचं पुढचं टोक. मी कर्टिसला सांगितलं. तो खाली बसला आणि म्हणाला, "दोन वर्षं मी हेच शोधतोय. मागे काहीतरी चुकलंय, पण काय ते दिसत नाही."

पुढच्या शुक्रवारी पप्पा माझ्याआधी तयार होऊन बसले होते. मग शुक्रवार-शनिवार, आणि नंतर माझी ड्यूटी नसेल त्या प्रत्येक दिवशी. कर्टिस इंग्रजीत बोलायचा, तेही त्याच्या बेटावरचं गाणं म्हटल्यासारखं इंग्रजी. पप्पा कोळी मराठीत. मध्ये मी. मला जे शब्द इंग्रजीत येत नव्हते ते मी हाताने दाखवायचे. थोड्या दिवसांनी त्यांना माझी फारशी गरज उरली नाही. पप्पा "हां" आणि "नाय" म्हणायचे, कर्टिस "यल्ला, अंकल" म्हणायचा, म्हणजे चला.

एका सकाळी पप्पांनी होडीच्या मागच्या बाजूला एक लांब पातळ पट्टी लावली आणि फासळ्यांची रांग एका वळणात येते का ते बघायला लांब जाऊन उभे राहिले. एक डोळा मिटला. मग दुसरा मिटला. परत पहिला. मी वीस वर्षांपेक्षा जास्त नर्सिंग केलंय, मला एवढं बघायला फाइल लागत नाही.

"पप्पा, धूसर दिसतं का?"

त्यांनी मिटलेला डोळा चोळला.

"किती दिवसांपासून?"

"दोन वर्षं झाली असतील." मग कर्टिसला समजणार नाही याची खात्री असूनही आवाज खाली आणला. "आईला माहीत होतं. तिला सांगितलेलं, कुणाला बोलू नको. आंधळ्या मिस्त्रीला बोट कोण देईल?"

मग पट्टीकडे हात करून म्हणाले, "तू बघ."

मला समजलंच नाही.

"हतं, माझ्या जागी उभी रहा. तुझा डोळा लाव. कुठली फासळी बाहेर येते सांग."

मी उभी राहिले. एक डोळा मिटला. पहिल्यांदा नुसतं लाकूड दिसलं. मग वळण दिसलं, पुढून छान सरकत येणारं, आणि एका जागी अडखळणारं. "डाव्या बाजूची, मागून तिसरी," मी म्हटलं. "बाहेर आलीय. अर्ध्या बोटाच्या रुंदीएवढी असेल."

"तिसरी नाय. चौथी असेल."

"तिसरी आहे पप्पा."

ते होडीजवळ गेले. चौथ्या फासळीवरून हात फिरवला, मग तिसऱ्या. परत चौथ्या. परत तिसऱ्या. मग वाकस उचललं, तासायचं ते आडव्या पात्याचं हत्यार, आणि कर्टिसच्या हातात देऊन तिसऱ्या फासळीवर बोटाने रेघ ओढली. माझ्याकडे बघितलं नाही. पण त्यानंतर काम संपेपर्यंत दर वेळी पट्टी लावली की ते नुसतं "बघ" म्हणायचे, आणि मी बघायचे. चव्वेचाळीसाव्या वर्षी मला हे काम येतं हे कळलं. आनंद झाला का? झाला असेल. मला आठवतो तो राग. इतकी वर्षं वाळूत उभं राहून बघितल्याचा.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला कॅरियाकूवर मोठं वादळ आलं. मर्लला तीन दिवस घरच्यांचा पत्ता नव्हता. मग फोन आला. सगळे जिवंत होते, पण तिच्या आईच्या घराचं छप्पर उडालं होतं, कर्टिसच्या गावात बोटींचा किनारा साफ झाला होता. तो आठवडाभर अंगणात गेला नाही. शाळेत जायचा, घरी येऊन फोन धरून बसायचा.

त्या शनिवारी पप्पा म्हणाले, "मला तिकडं सोड."

"पप्पा, त्यांच्याकडे दुःख आहे. आज नको."

"म्हणूनच सोड."

मर्लने दार उघडलं. पप्पा तिला हात जोडून सरळ मागे गेले, रंधा घेतला आणि एक फळी साफ करायला लागले. मी आणि मर्ल स्वयंपाकघरात बसलो होतो. अर्धा तास त्या रंध्याचा आवाज येत होता. मग वरच्या जिन्यावरून कर्टिस खाली आला, आमच्याकडे न बघता मागे गेला आणि फळीचं दुसरं टोक धरून उभा राहिला.

कामाच्या मध्ये त्याने सांगितलं की बेटावरचा धक्का मोडलाय, मोठी जहाजं लागू शकत नाहीत. पाणी, ताडपत्र्या, सिमेंट सगळं आता जुन्या लाकडी होड्यांतून नेतायत. ज्या चार-पाच वाचल्या त्यांतूनच. त्याचा म्हातारा काका मोडलेल्या दोन होड्या जोडायला बसलाय, हाताखाली कुणी नाही.

मी हे पप्पांना सांगितलं. ते रंधा ठेवून म्हणाले, "मग हा हतं काय करतोय?"

हे भाषांतर करावं की नाही ते मला ठरवता येईना. कर्टिस वाट बघत होता. शेवटी केलं. तो खाली बघून भुसा गोळा करू लागला.

परतताना सिग्नलला थांबले तेव्हा मी म्हटलं, "मला कधी विचारलं नाही तुम्ही असं. एकोणीस वर्षांत एकदाही. परत ये म्हणून."

"नाय विचारलं."

"का?"

पप्पा समोर बघत होते. "तू आली असतीस," ते म्हणाले. "म्हणून."

सिग्नल सुटला. मागच्याने हॉर्न दिला. मी गाडी पुढे घेतली.

डिसेंबरच्या मध्यावर होडी पुरी झाली. कर्टिसच्या शाळेत अरबी शिकवणारे एक कतारी सर होते. त्यांचे आजोबा मोत्यांसाठी बुड्या मारणाऱ्या बोटीवर होते. आम्हा परदेशींना अवघड म्हणून त्यांनी होडीच्या नोंदणीचे कागद स्वतःच्या नावावर करून दिले. इथे चर्चबाहेर उघड्यावर प्रार्थनेला परवानगी नाही, म्हणून चर्चमधून बाटलीत पवित्र पाणी आणून अंगणातच शिंपडलं. आमच्याकडेही फादर बोटींना आशीर्वाद देतात, त्यामुळे पप्पांना त्यात काही नवीन वाटलं नाही. कर्टिसच्या बेटावर नव्या होडीला धर्ममाता असते. ती होडीत चढून नावावरचा कपडा काढते. मर्लने ते काम मला दिलं.

वक्र्याच्या किनाऱ्यावर होडी टेकूंवर उभी केली. एवढ्याशा होडीला टेकू तोडायची गरज नव्हती, चार माणसांनी उचलूनही नेली असती. पण कर्टिसला ते तसंच हवं होतं. एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला पप्पा. "यल्ला," कर्टिस म्हणाला, आणि दोघांनी एकाच वेळी कुऱ्हाड मारली. होडी कलंडली, कुशीवर झोपली. त्यांच्याकडे नव्या होडीवर रम ओततात, इथे मर्लने माल्टची, बिनदारूच्या थंड पेयाची, बाटली ओतली. केरळी सुतार, वॉर्डातल्या नर्सेस, अंतोन, रिया, सर, सगळ्यांनी दोर ओढला. मर्ल तिच्या बेटावरचं गाणं म्हणत होती, शब्द कुणालाच येत नव्हते, शेवटचं अक्षर सगळे ओरडत होते.

होडी तरंगली. मी गुडघाभर पाण्यातून चालत जाऊन आत चढले. जुन्या सवयीने पप्पांकडे बघितलं. ते हात डोळ्यांवर धरून पाण्याची रेषा बघत होते, दोन्ही बाजूंना सारखी आहे की नाही ते. मी चढले हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. मी कपडा ओढला. मागच्या फळीवर निळ्या रंगात लिहिलं होतं, आयरीन. आणि खाली कर्टिसच्या गावाचं नाव, विंडवर्ड.

"सारखी हाय," पप्पा किनाऱ्यावरून ओरडले.

जानेवारीत ते वसईला परतले. मी सुट्टी काढून बरोबर गेले आणि दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं करून घेतली. आता ते मासळीचे काटे स्वतः काढतात. त्यांना पुन्हा इकडे या म्हटलं तर म्हणतात, बघू.

शाळेचं वर्ष संपल्यावर कर्टिस आणि मर्ल गेले. पप्पांच्या प्रश्नाचं उत्तर त्याने मला कधी दिलं नाही, नुसता राजीनामा दिला. होडी न्यायची सोय नव्हती. जायच्या आदल्या दिवशी तो वक्र्याला आला, पॉलिश पेपर घेऊन बसला आणि विंडवर्ड हे नाव घासून काढलं. आयरीन ठेवलं. "आजीला राहू दे," तो म्हणाला. "गाव मात्र तुमचं लिहा."

अंतोन, रिया आणि मी थोडीफार शीड चालवायला शिकलो होतो. आता होडी आमच्याकडे होती, कागदावर सरांची. रंगाचा डबा आणला आणि मी दोन आठवडे तो उघडला नाही. अंतोन म्हणाला, वसई लिही. रिया म्हणाली, "दोहा, ऑब्व्हियसली." शेवटी पप्पांना फोन केला. म्हटलं, "पप्पा, तुम्ही बोटीवर पाचूबंदर लिहायचात. ते का लिहायचात?"

"का म्हणजे?"

"म्हणजे गावाचं नाव का लिहितात?"

त्यांना प्रश्न मूर्खपणाचा वाटला असावा. "अगं, बोट उलटी वाहत कुठं दिसली, तर कुणाला कळवायचं ते कळायला नको? ज्या गावची माणसं शोधायला निघतील ते गाव लिहितात."

फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात उभी राहून विचार केला. समजा एखाद्या शुक्रवारी वारा फिरला आणि आम्ही परतलो नाही. कोण निघेल? पाचूबंदरला दुसऱ्या दिवशी ग्रुपवर कळेल, चर्चमध्ये प्रार्थना होईल, पप्पा बंदरावर जाऊन उभे राहतील, पण बोट घेऊन निघायला मध्ये अख्खा समुद्र. इथे सुतारांचा मुकादम सगळ्यात आधी निघेल, कारण आमची होडी बंदरात नाही हे त्यालाच आधी दिसेल. सर फोन करतील आणि कुणाला करायचे ते त्यांना माहीत आहे. वॉर्डातल्या मुली ड्यूटी सोडून किनाऱ्यावर येऊन बसतील. मला वाटलं होतं याचं वाईट वाटेल. तसं झालं नाही. फक्त, हे माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं असं वाटलं.

शुक्रवारी सकाळी आम्ही वक्र्याला गेलो. रियाने पेन्सिलीने रेघ आखून दिली. इंग्रजी अक्षरं मी काढली, खाली अरबी सरांनी. अल वक्रा. रंग वाळायला दोन तास लागले. तोवर सावलीत बसून चहा प्यायलो, आणि मग होडी पाण्यात ढकलली.